वनपिंगळा : एका पक्ष्याच्या ओळखीची कथा

पिंगळा हा पक्षी आपल्या लोकांना अपरिचित नाही. पहाटे दारी येऊन घरधन्याचे भविष्य सांगणारा जो जोशी, त्यालाही मराठी मुलुखात पिंगळाच म्हणतात. या पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी जुनी समजूत आहे. आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी तर लहानमोठ्या सर्वच घुबडांना ‘घुगूम’ हा एकच शब्द पुरतो. समजुतींचे राज्य असे विस्तृत असले, तरी त्या पक्ष्याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय मात्र आपल्यात फारशी नाही. पिंगळा या एका नावाखाली निदान तीन भिन्न पक्षी मोडतात. त्यांपैकी दोन सर्वसामान्य आहेत. तिसरा इतका दुर्मीळ, की तब्बल ११३ वर्षे तो जिवंत आहे किंवा नाही हेच कोणास सांगता येत नव्हते; आणि पुढे तो सापडला, तेव्हाही जेथे कोणी त्याची अपेक्षा केली नव्हती अशा अरण्यात तो पुन्हा एकदा दिसून आला. या तिसऱ्या पिंगळ्याची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी, कारण पक्षी ओळखणे म्हणजे नेमके काय, हे तिच्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही हकीकतीत दिसत नाही.

प्रथम त्या तिघांची ओळख करून घेऊ. गावाजवळच्या जुन्या वडापिंपळांच्या ढोलीत, पडक्या भिंतींच्या भोकांत राहणारा तो ठिपकेदार पिंगळा. साळुंकीएवढा, अंगाने गुबगुबीत, पिवळ्या डोळ्यांचा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात, मानेच्या मागे फिकट पट्टा असतो, आणि पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी असतात. दुसरा जंगली पिंगळा. हा आमच्या गोव्यातील झाडीच्या प्रदेशात नित्याचा आहे. त्याच्या अंगावर ठिपके नसून डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेषा असतात. दुरून पाहिले तर सुताचा बारीक पट्ट्यापट्ट्यांचा कपडा पांघरल्यासारखा दिसतो. तिसरा वनपिंगळा. याच्या डोक्यावर व पाठीवर ठिपके जवळजवळ नसतातच. असले तर अगदी पुसट. डोके अंगाच्या मानाने मोठे, चोच दणकट, छाती जवळजवळ सलग गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. वर्तमानपत्रांत यालाच कधी कधी रानपिंगळा असेही म्हणतात. देशी नावांचा असा घोटाळा होतो म्हणूनच शास्त्रीय नावाची गरज पडते. याचे शास्त्रीय नाव ‘अथेने ब्लेविटी’ असे आहे.

ब्लेविट हे ज्या गृहस्थाचे नाव, त्यांनी १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात, फुलझरच्या परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. तो त्यांनी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठविला. काँग्रेसच्या १८८५ मधील स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे ह्यूमसाहेब. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची ही दुसरी बाजू क्वचितच येते. पक्षिशास्त्राला वाहिलेले ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक ते स्वतः चालवीत असत. त्यातच १८७३ मध्ये त्यांनी या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो इतर पिंगळ्यांहून निराळा वाटल्यामुळे ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळे घुबड’, असा स्वतंत्र वंश त्याच्यासाठी कल्पिला. दुसरा नमुना १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियारजवळ मिळाला. त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे व तळोदे या भागांत आणखी काही पक्षी मिळवले. हे डेव्हिडसनसाहेब पुढे आपल्या शेजारच्या उत्तर कानडा जिल्ह्यातही होते. तेथील पक्ष्यांवरचा त्यांचा लेख १८९८ मध्ये मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे.

सर्व मिळून नमुने सात. शेवटची निर्विवाद नोंद १८८४ ची. त्यानंतर या पक्ष्याविषयी काहीच कळेनासे झाले.

येथे नमुना म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. त्या काळी दुर्बिणी फारशा चांगल्या नव्हत्या, छायाचित्रण बाल्यावस्थेत होते. पक्षी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे पक्षी मारून, त्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून तो संग्रहालयात ठेवणे. आज ही पद्धत आपल्याला क्रूर वाटते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या सात कातड्यांवाचून पुढचे काहीच घडले नसते, हेही तितकेच खरे. कातड्याचा एक मोठा उणेपणा असा, की ते ओरडत नाही, शेपटी हलवीत नाही, आणि कोणत्या वेळी, कोणत्या फांदीवर बसत असे ते सांगत नाही. त्यामुळे वनपिंगळ्याचे रूप शास्त्राला ठाऊक होते. आवाज आणि सवयी मात्र जवळजवळ अज्ञातच होत्या.

१८८४ नंतरचीही एक नोंद पुस्तकांतून छापली जात असे. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज सैनिकाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे म्हटले होते. १८७८ ते १९६७ असे दीर्घ आयुष्य लाभलेला हा गृहस्थ आपल्या काळातील नामांकित पक्षिशास्त्रज्ञ गणला जाई, आणि १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला. एवढ्या मोठ्या दात्याच्या शब्दाविषयी शंका कोण घेणार? वस्तुतः शंकेस जागा फार पूर्वीच होती. १९१९ मध्ये नमुने परवानगीशिवाय बाहेर नेल्यावरून त्याच संग्रहालयाने त्याला पक्ष्यांच्या दालनात येण्यास दीड वर्ष बंदी केली होती. पण मोठ्या नावापुढे अशा गोष्टी लोक विसरतात.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकन संशोधिका पॅमेला रॅसमुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथाचे काम करीत होत्या. त्यासाठी जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी चालू असता माइनर्टझहागेनच्या कित्येक नमुन्यांत त्यांना विसंगती आढळू लागली. त्यांच्याबरोबर काम करणारे नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी वनपिंगळ्याचा ‘मांडवीचा’ नमुना तपासावयास घेतला. कातडे भरण्याची प्रत्येक माणसाची रीत निराळी असते. शिवण कोठे घालायची, कापूस किती व कोठे दाबायचा, यात हाताचे वळण उमटतेच, जसे ते अक्षरात उमटते. क्ष-किरणांनी आणि प्रत्यक्ष पाहणीने असे दिसून आले, की हा नमुना एकदा भरून झाल्यानंतर पुन्हा उसवून, नव्याने भरलेला आहे. आणि मूळच्या भरणीच्या ज्या खुणा शिल्लक होत्या, त्या डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. निष्कर्ष उघड होता. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेलाच एक पक्षी संग्रहालयातून उचलून, रूप थोडे पालटून, खोट्या स्थळाची व खोट्या तारखेची चिठ्ठी बांधून तो नवा म्हणून मिरविला होता. हे सारे १९९९ मध्ये साधार प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, एका मेलेल्या पक्ष्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली तर त्यात एवढे काय बिघडले? बिघडले ते असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. सलीम अली व डॉ. डिलन रिप्ली यांच्यासारख्या थोर अभ्यासकांनीही वनपिंगळ्याचा शोध घेतला होता आणि त्यांना यश आले नव्हते. हा पक्षी १९१४ पर्यंत तापीच्या खोऱ्यात होता, असे एकदा पुस्तकात छापले गेले, म्हणजे शोधणाऱ्याचे पाय साहजिकच तिकडे वळणार. एका माणसाच्या बढाईने नकाशावर खोटा ठिपका पडला, आणि जो पक्षी कदाचित नामशेष होण्याच्या वाटेवर असेल, त्याच्या शोधात लोकांची शक्ती आणि काळ भलत्याच ठिकाणी खर्ची पडण्याचा धोका उभा राहिला. खरा पक्षी खऱ्या जागी जंगलतोडीला तोंड देत असताना ही किंमत लहान म्हणता येणार नाही. चोरीपेक्षाही चिठ्ठीवरचे ते दोन शब्द मला अधिक गंभीर वाटतात.

मांडवीची नोंद बाजूला सारल्यावर फक्त खरी स्थळे उरली. १९९७ च्या नोव्हेंबरात रॅसमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडची जुनी स्थळे, म्हणजे ब्लेविट व बॉल यांचा प्रदेश, धुंडाळली. तेथे काही लागले नाही. मग ते खानदेशात आले. डेव्हिडसनच्या काळी जेथे जंगल होते, तेथील सपाट भागात आता शेती पसरली होती. झाडी काय ती सातपुड्याच्या उतारांवर उरली होती. २५ नोव्हेंबर रोजी सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांत एका उघड्या फांदीवर बसलेला लहानसा पिंगळा बेन किंग यांच्या दृष्टीस पडला.

आता विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे ते यापुढील क्षणाकडे. ११३ वर्षांत कोणी न पाहिलेला पक्षी समोर आहे, असे वाटल्यावर मनुष्याची पहिली प्रवृत्ती आनंदाने हुरळून जाण्याची असते, आणि हुरळलेला डोळा जे पाहावयाचे असते तेच पाहतो. ठिपकेदार पिंगळाही याच जंगलात राहतो. उन्हात, विशिष्ट कोनातून, त्याचे ठिपके पुसट दिसू शकतात. पूर्वी ज्यांनी ज्यांनी वनपिंगळा पाहिल्याचे सांगितले, त्यांची फसगत बहुधा अशीच झाली असावी. म्हणून या मंडळींनी एकेक खूण स्वतंत्रपणे तपासली. डोक्यावर ठिपके आहेत काय? नाहीत. पाठीवर? नाहीत. छातीचा रंग सलग आहे की तुटक? पोटाचा खालचा भाग कोरा आहे काय? शेपटीवरचे पट्टे रुंद आहेत की अरुंद? पायांवर पिसे किती? यांतील कोणतीही एक खूण एकटी घेतली तर ती दगा देऊ शकते. सर्व खुणा एकाच पक्ष्यात, एकाच वेळी जुळल्या, म्हणजे मग दुसऱ्या पक्ष्याला जागा उरत नाही. शिवाय या तिघांपैकी एकीने संग्रहालयातील कातडी प्रत्यक्ष हाताळलेली होती. कोणत्या खुणा विचारायच्या हे तिला अरण्यात येण्यापूर्वीच ठाऊक होते. पक्षी उडून गेल्यावर पुस्तक उघडणारा आणि पुस्तक वाचून पक्ष्याकडे जाणारा, यांत हा फरक आहे. त्यांनी त्याचे चित्रीकरणही केले, त्यामुळे इतरांनाही पडताळा घेता आला. आणि या वेळी कोणालाही पक्षी मारावा लागला नाही.

त्यानंतर भारतीय संशोधकांनी हा अभ्यास पुढे नेला. कातडी जे सांगू शकत नव्हती, ते जिवंत पक्ष्यांनी सांगितले. वनपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि कीटक हे त्याचे भक्ष्य. उघड्या फांदीवर बसून तो शेपटी झटक्याने इकडे तिकडे हलवितो. त्याची हाक दोन अवयवांची, मऊ पण दूर जाणारी आहे, आणि ठिपकेदार पिंगळ्याच्या कर्कश कलकलाटाशी तिचे काहीच साम्य नाही. घरटे मोठ्या झाडांच्या ढोल्यांत असते. आवाज कळल्यावर शोध सोपा झाला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा–बऱ्हाणपूरकडील जंगले अशा ठिकाणी तो आढळला. नकाशावर एक पट्टा तयार झाला, आणि वनपिंगळा हा सातपुड्याच्या परिसरातील सागाच्या कोरड्या जंगलांचा पक्षी, असे समीकरण ठरून गेले.

२०१४ च्या ऑक्टोबरात हे समीकरण मोडले. मुंबईपासून जेमतेम शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या तानसा अभयारण्यात पक्षिनिरीक्षकांना वनपिंगळा दिसला. तानसा हे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे, कारण १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील धरणाचे पाणी ते पितात. तलावाभोवतीच्या त्या जंगलात लोक वर्षानुवर्षे पक्षी पाहावयास जात होते. शहाद्यापासून ही जागा सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, आणि ती सह्याद्रीच्या बाजूला, अधिक पावसाच्या प्रदेशात. साहजिकच असा दावा कोणी केला तर प्रथम अविश्वासच वाटावा, आणि तो वाटणे योग्यही आहे. दावा जितका विलक्षण, तितका पुरावा भक्कम हवा. पुरावा होता : छायाचित्रे स्पष्ट होती, आणि कोरे डोके, सलग तपकिरी छाती, रुंद पट्ट्यांची शेपटी या खुणा त्यांत कोणालाही तपासून पाहता येत होत्या.

पक्षी कोणता, हे ठरल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही. तो तेथे का आहे? आपल्या प्रदेशाबाहेर दिसलेला पक्षी एकतर वाट चुकलेला असतो, किंवा तो मुळीच बाहेरचा नसून आपला नकाशाच अपुरा असतो. तानसाच्या बाबतीत दुसरे उत्तर खरे ठरले. वनपिंगळा हा हिवाळ्यात दूरदेशी जाणारा पक्षी नव्हे. तो एका जंगलात ठाण मांडून राहतो. पुढील वर्षांतही तानसात हे पक्षी दिसत राहिले, जोडीने दिसले. याच सुमारास गुजरातेतील डांगच्या जंगलातही त्याची नोंद झाली, आणि डांग हा प्रदेश सातपुडा व तानसा यांच्या मधोमध येतो, हे नकाशा उघडून कोणीही पाहावे. म्हणजे पक्षी आला नव्हता, तो होताच. आपण त्याला आतापर्यंत बहुधा ठिपकेदार किंवा जंगली पिंगळा समजून पुढे जात होतो. आपल्या परिचयाच्या जंगलात काय आहे हे आपणास ठाऊक आहे, अशी ज्याची खात्री असते, त्याचीच अशी दिशाभूल अधिक होते, असे माझे मत आहे.

खरोखरीच वाट चुकलेल्या पक्ष्याचे अलीकडचे सर्वांत नवलाचे उदाहरण पाहावयाचे तर फार दूर जावे लागेल. स्टेलरचा समुद्रगरुड हा रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचाट्का आणि ओखोट्स्क समुद्राच्या काठचा पक्षी. हिवाळ्यात त्यातील काही जपानच्या होक्कायदो बेटावर येतात. पंख पसरले म्हणजे दोन मीटरांहून अधिक रुंद, प्रचंड पिवळी चोच, खांद्यांवर पांढरे पट्टे. असा एक गरुड २०२० च्या ऑगस्टमध्ये अलास्काच्या आतल्या भागात दिसला, २०२१ च्या मार्चमध्ये टेक्सासमध्ये दिसला, त्याच वर्षी पूर्व कॅनडात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये आणि वर्ष संपता संपता मेन राज्यात, नंतर न्यूफाउंडलंडमध्येही. हे सारे एकाच पक्ष्याचे भ्रमण, हे कशावरून? पंखांवरील पांढऱ्या डागांच्या मांडणीवरून. निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांनी काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली असता डाग जुळले. येथे ओळख जातीपुरती न थांबता व्यक्तीपर्यंत पोहोचली.

आपल्या किनाऱ्यावरही अशी मंडळी येतात. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांत उघड्या समुद्रावरचे फ्रिगेट पक्षी आणि समुद्री सुरय गोव्याच्या व मुंबईच्या किनाऱ्यावर ढकलले जातात. कधी कधी थकून कोसळतातही. याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पोपट हा वाट चुकलेला पक्षी नव्हे. आणि रंगद्रव्याच्या अभावी पांढरा जन्मलेला कावळा हा कावळाच असतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थिनीने मोठ्या उत्साहाने सांगितले, की सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, काजूच्या बागेत तिला वनपिंगळा दिसला. वनपिंगळ्याची गोष्ट वर्गात होऊन आठच दिवस झाले होते. तिची कारणे दोन होती : पक्षी दिवसा जागा होता, आणि डोक्यावर ठिपके नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण जंगली पिंगळाही दिवसा जागा असतो, ओरडतोही, आणि त्याच्याही डोक्यावर ठिपके नसतात. सुदैवाने या मुलीने पक्षी समोर असतानाच वहीत पेन्सिलीने आकृती काढली होती. घरी जाऊन, आठवून काढली असती तर तिचा काहीच उपयोग नव्हता, कारण आठवण ही ऐकलेल्या गोष्टीच्या रंगाने लगेच रंगते. त्या आकृतीत डोक्यापासून पोटापर्यंत तिने बारीक आडव्या रेषा प्रामाणिकपणे ओढल्या होत्या. छातीवर सलग रंग नव्हता. मी तिला काही सांगण्यापूर्वीच तिने त्या रेषांवर बोट ठेवले आणि ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारले, की ही नोंद आता खोडायची काय? नोंद खोडायची नसते. दिसले ते तसेच ठेवायचे. नाव तेवढे बदलायचे.

ज्यांना असे टिपण ठेवावयाचे आहे, त्यांनी तारीख, वेळ, जागा आणि उजेड कोणत्या बाजूचा होता, हे आधी लिहावे. मग आकार परिचित पक्ष्याशी तुलना करून लिहावा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा असा. नंतर डोके, पाठ, छाती, पोट, पंख, शेपटी, पाय या क्रमाने जे दिसले ते, आणि जे दिसले नाही त्यापुढे ‘दिसले नाही’ असे स्पष्ट शब्द. आवाज ऐकू आला तर तो जसा ऐकू आला तसा अक्षरांत. सोबत दुसरा कोणी असेल, तर दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळे लिहावे आणि मग ताडून पाहावे. नाव सर्वांत शेवटी, आणि आधी नेहमीच्या पक्ष्यांची नावे एकेक करून वगळल्यावर. घरट्याच्या फार जवळ जाऊ नये. आणि भ्रमणध्वनीवर हाक वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याचा जो प्रकार अलीकडे वाढला आहे, तो विणीच्या काळात तर मुळीच करू नये.

कारण वनपिंगळा सापडला म्हणून तो सुरक्षित झाला, असे नाही. नव्या स्थळांची भर पडल्यामुळे २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आले. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच अंदाजली गेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे, पण ढोली असलेली जुनी झाडे तुटत गेली तर कायदा घरटे कोठे बांधून देणार? जादूटोण्यासाठी घुबडांचे अवयव वापरणारे लोक अद्याप आहेत, आणि त्यांना ठिपके व रेषा यांतील फरकाशी काही कर्तव्य नसते. ह्यूमसाहेबांनी कल्पिलेल्या त्या स्वतंत्र वंशाचा वाद मात्र बराचसा मिटला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे वनपिंगळा हा ठिपकेदार पिंगळ्याच्याच ‘अथेने’ वंशात बसतो. निराळा वाटलेला पक्षी शेवटी नेहमीच्या पिंगळ्याचा जवळचा भाऊबंदच निघाला.

आज ज्याच्याजवळ भ्रमणध्वनी आहे त्याला आपली नोंद ‘ई-बर्ड’ या जागतिक संग्रहात घालता येते. त्या प्रदेशात अपेक्षित नसलेल्या पक्ष्याचे नाव कोणी घातले, तर ते आपोआप वेगळे काढले जाते आणि तपासणारे जाणकार निरीक्षकाला वर्णन किंवा छायाचित्र मागतात. यात कोणाचा अपमान नाही. माइनर्टझहागेनला हेच प्रश्न वेळीच विचारले गेले असते तर बरे झाले असते. आमच्या विद्यार्थिनीची नोंद जंगली पिंगळा या नावाने, तिच्या आकृतीसह, शाळेच्या ग्रंथालयातील पक्ष्यांच्या वहीत आहे. तिच्या खाली डिसेंबरात तिनेच आणखी एक नोंद केली आहे : तीच बाग, तीच फांदी, सकाळचे पावणेदहा, पक्षी दोन.